पिशवी काढण्याआधी

गर्भाशयाची पिशवी कधी काढावी लागते आणि कधी नाही, हे ऊसतोड बायकांना सांगणाऱ्या रोहिणीच्या ई-पुस्तिकेत बत्तीस पानं होती आणि गर्भाशयाच्या चौदा आकृत्या. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीने 'अश्लील मजकूर' म्हणून तिचं खातं बंद केलं. तक्रारीला उत्तर आलं, "कायदेशीर असेल, पण आमच्या धोरणात बसत नाही."

कर्जतजवळच्या फडात ऊस तोडता तोडता टोळीतली रंगुमावशी हसली. "चित्रं बघून लाजले व्हय? आमच्या पिशव्या काढत्यात तवा न्हाई लाजत कुनी! तू कागदावर छाप, पोरी. एका पुस्तकाला वाढ्याची एक मोळी घे. अन् चित्रं मोठी काढ, वाचाया कुनाला येतंय?"

उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या त्या मोळ्या चाऱ्यासाठी गोठेवाल्याला विकून रोहिणीने पुस्तिका छापली.

आदल्या हंगामात टोळीतल्या नऊ बायकांची पिशवी काढली होती. या हंगामात दोघींची काढली.