तुळशीपर्यंत

क्षयानं रूपालीचं एक फुफ्फुस निकामी केलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, सहदेवांनी, ग्रामदेवतेसमोर नारळ धरून गाऱ्हाणं घातलं होतं, “बा देवा महाराजा, ह्या माज्या सुनेक खाटीवरसून तुळशीपर्यंत तरी चलव रे!” मागे उभा गाव एका आवाजात म्हणाला होता, “व्हय महाराजा!” आज देवबागला एकवीस किलोमीटरची शर्यत होती. बक्षिसं वाटून झाली, मांडव उतरू लागला, तरी सहदेव नारळ घेऊन उन्हात उभेच. अखेर सुरूच्या बनाआडून रूपाली आली. सगळ्यांच्या मागून, धापा टाकत, पण धावत. “बाबानू, इलंय!” तिनं लांबूनच सासऱ्यांना हाक दिली. जन्मभर गावाची गाऱ्हाणी घालणाऱ्या सहदेवांनी नारळ उचलला. “देवा, माका तुळशीपर्यंतच मागूक सुचला...” त्यांनी नारळ तसाच कपाळाला टेकवला. मांडववाल्यांचे हात थांबले. मासळी निवडणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं अख्ख्या किनाऱ्यानं पुरं केलं, “व्हय महाराजा!”