कळ येईपर्यंत

ट्रेनिंग रूममधल्या खुर्चीत बसून रविराज सकाळपासून तिसऱ्यांदा गोळी मागत होता. विजयश्रीनं तिसऱ्यांदा सांगितलं की गोळ्या संपल्यात, दुपारी येतील. गोळ्यांची अख्खी स्ट्रिप तिच्या एप्रनच्या खिशात होती.

विजयश्री चाकणच्या या कारखान्यात फर्स्ट एडची नर्स होती. बारा दिवसांपूर्वी प्रेस शॉपमध्ये पत्र्याला आकार देणारा जड लोखंडी साचा, म्हणजे डाय, सरकली आणि रविराजच्या उजव्या पावलावर पडली. टाके पडले, बोटं कशीबशी वाचली. पण जखमी माणूस घरी बसला तर अपघात मोजावा लागतो. तो कार्ड दाखवून गेटातून आत आला तर नाही. गेटवरच्या फलकावर ‘अपघाताविना ६११ दिवस’ असं लिहिलेलं होतं आणि आज मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं तेच बघायला येणार होती. म्हणून कारखान्याची गाडी रोज सकाळी कुरुळीतल्या खोलीवरून रविराजला उचलून आणायची, या खुर्चीत बसवायची आणि शिफ्ट सुटली की परत नेऊन सोडायची. कागदावर तो प्रशिक्षण घेत होता. कसलं, ते कुणी विचारायचं नाही.

आठ तास पाय खाली सोडून बसायचं तर कळा येणारच. त्यासाठी ट्रामाडॉल होती, अफूच्याच जातकुळीतली गोळी. डॉक्टरांनी ती तीन दिवसांसाठी लिहून दिली होती. विजयश्री बारा दिवस देत राहिली, कारण सेफ्टीचे दौंडकर साहेब म्हणाले होते की माणूस कण्हता कामा नये. आणि खरं सांगायचं तर तिलाही बरंच वाटत होतं. ड्रेसिंग बदलताना जखम शांत दिसायची. लाली नाही, सूज नाही, ऊब नाही. रविराज गुंगीत हसत असायचा.

काल तिनं सहज म्हणून जखमेचा फोटो जमिला मॅडमना पाठवला. चिंचवडच्या इस्पितळात त्यांच्या हाताखाली तिनं चार वर्षं काढली होती. मॅडमचा लगेच फोन आला.

“अगं, बारा दिवस झाले ना? एव्हाना लाल कोवळं मांस दिसायला हवं. लाली, सूज म्हणजे दुरुस्तीला आलेली माणसं असतात. ही गोळी नुसतं दुखणं दाबत नाही, त्या माणसांनाही वाटेत अडवते. वर तुम्ही पाय लोंबकळत ठेवलाय. आजच्या आज ॲडमिट कर, नाहीतर पाऊल जाईल.”

विजयश्री आधी दौंडकरांकडे गेली. ते म्हणाले, उद्याची भेट एवढी पार पडू दे, परवा मी स्वतः त्याला घेऊन जातो. मग ती रविराजकडे गेली. त्यानं तर हातच जोडले. तो कंत्राटी होता, कायम व्हायला नऊ दिवस उरले होते. अपघात मोजला गेला की यादीतलं नाव गेलंच. पायाचं नंतर बघू, म्हणाला.

पाहुण्यांना आपणच सांगावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण तीही कंत्राटीच होती आणि घर तिच्या एकटीवर चालत होतं. आपण भित्र्या आहोत, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं. मग तिला एक वाट सुचली. काल संध्याकाळनंतर गोळी द्यायचीच नाही. अकरा वाजता पाहुणे या खोलीत येतील तोवर अंमल पुरता उतरलेला असेल. रविराज कण्हेल, कदाचित ओरडेल. पाहुणे थांबतील, बँडेज सोडायला लावतील आणि त्याला थेट इस्पितळात न्यावं लागेल. तिला तोंड उघडावं लागणार नव्हतं. त्याचा पायच बोलणार होता.

साडेदहाला रविराजच्या कपाळावर घाम डवरला. खुर्चीच्या दांड्या त्यानं घट्ट धरल्या होत्या. विजयश्रीनं तोंड फिरवलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी स्ट्रिप खिशातच राहिली.

अकराच्या आधीच पाहुणे आले. दौंडकर पुढे, मागे चौघं. त्यांतल्या एक बाई रविराजसमोर थांबल्या आणि पायाला काय झालं म्हणून विचारलं. घरी मोटारसायकल पडली पायावर, दौंडकरांनी परस्पर सांगून टाकलं. बाई रविराजकडेच बघत होत्या. दुखतंय का, त्यांनी विचारलं.

विजयश्री रविराजच्या तोंडाकडे बघत राहिली.

नाही मॅडम, रविराज म्हणाला. अगदी मोकळं हसला. पाहुणे मान हलवून पुढच्या खोलीकडे गेले.

तिला रडूच आलं. नोकरीपायी माणूस किती सोसतो, आणि आपण त्याला सोसायला लावलं. तिनं खिशातून स्ट्रिप काढून त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, घे, आता दात आवळून बसू नकोस.

“ऱ्हाऊ द्या, ताई. मी उगाच धसका घेतला व्हता, लोकांपुढं कळ आली म्हंजी काय करायचं म्हणून,” रविराज म्हणाला. “पर आज गोळीबिगर बी कायच दुखत न्हाई. पाय बरा व्हायला लागला बघा.”

विजयश्री खाली बसली. तिनं भराभर बँडेज सोडलं. अंगठा काळपट पडला होता. रविराज खिडकीतून पाहुण्यांच्या गाड्या बघत होता. तिनं त्या अंगठ्यात आपलं नख रुतवलं, होतं नव्हतं तेवढं बळ लावलं आणि विचारलं, दुखतंय का.

“आधी हात तर लावा, ताई,” रविराज म्हणाला.