पापडाचा हात

कारखान्यात पापडाइतक्या पातळ टॅब्लेट-संगणकांची अख्खी पेटी तपासयंत्राने निर्दोष ठरवली होती. तरीही कुंदाबाई शेलारांनी एका टॅब्लेटवरून तळवा फिरवला आणि तो बाजूला ठेवला.

"डाव्या कडेला कमी लाटलाय."

"मावशी, यंत्राने मोजलंय. हे उद्या ऑपरेशनला लागणार आहेत," इंजिनियर तन्वी म्हणाली.

"मग पडद्यावर सरळ रेघ काढून बघ."

तन्वीने रेघ काढली. डाव्या कडेला पोचताच ती वाकली. अशाच रेघेवरून उद्या सर्जनची सुरी चालणार होती. तन्वीने पेटी परत पाठवली.

"मावशी, हा हात यंत्राला कसा शिकवायचा?"

पंचवीस वर्षं पापड लाटलेल्या कुंदाबाईंनी पदर खोचला.

"आण त्याला. उडदाचं पीठ कुटण्यापासून सुरुवात करू."