गळ्यातली किल्ली

सराव परीक्षेचा पेपर फुटला आणि लातूरच्या क्लासने सर्व्हरच्या खोलीची किल्ली सांभाळणाऱ्या गोदावरीबाईंना कामावरून काढलं. भूकंपात घरचे दाराआड अडकून गेले, तेव्हापासून स्वतःच्या घराला त्या कडी लावत नव्हत्या. ही किल्ली मात्र गळ्यात बांधून फिरायच्या. बाहेरून सर्व्हर वापरायची सोय सुरक्षित करायला क्लासने तो बसवून देणाऱ्या अकरमला नांदेडहून बोलावलं. त्याने सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. चोर खोलीत आलाच नव्हता. एसटीचे हेलपाटे नकोत म्हणून अकरमनेच मागे सर्व्हरला घरबसल्या शिरता येईल अशी सोप्या पासवर्डची चोरवाट ठेवली होती. पेपर तिथूनच गेला होता. त्याने वाट बुजवली, नोंदीही पुसल्या. दारात गोदावरीबाई किल्ली परत करायला गळ्यातली गाठ सोडवत होत्या. "कुलूप म्या रोज लावलं, अकरमभाऊ. सर ऐकतच न्हाईत. तुम्ही तरी सांगा." अकरमने खालमानेने हात पुढे केला. किल्ली अजून गरम होती.