बिनधुराचं घर

धरणाच्या पाण्याखाली आमचं गाव गेलं. उरलं ते चित्रकार एलोफच्या एका चित्रात. ते पाहायला मी धाकट्या भावाला, हाल्वारला, शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेले. गोठलेली नदी, बर्चची झाडं, प्रत्येक धुराड्यातून धूर. आमच्याच घरावर तेवढा नाही. “चिक्कू होता एलोफ. आपल्या घराशी येऊन बरोबर त्याचा रंग संपला,” हाल्वार म्हणाला. हे चित्र गावात होतं तेव्हापासूनचा, लहानपणापासूनचा हा त्याचा राग. “एलोफ दिसेल तेच काढायचा,” मी म्हणाले. “ पाद्रीबाबांच्या दारातला शेणाचा ढीगसुद्धा त्याने सोडला नाही.” “मग आपला धूर कुठे गेला?” त्याला ती सकाळ आठवणं शक्य नव्हतं; तो पाळण्यात होता. “हे काढलं त्या दिवशी पहाटेच आई गेली रे. चूल पेटवायचं कोणाला सुचलंच नाही.” हाल्वारने टोपी काढली. “म्हणजे ताई,” तो अगदी हळू म्हणाला, “यात आई अजून घरातच आहे.”