दुमडलेली करंगळी

शरीररचनेच्या तासाला औषध टोचलं, तशी रोजंदारीवर येऊन टेबलावर निजलेल्या बाईची कातडी छातीपासून पायांपर्यंत काचेसारखी आरपार झाली. चेहरा तेवढा नियमाप्रमाणे झाकलेला.

"पोटावरची चरबी बघा, नुसता लोण्याचा गोळा!" निनाद म्हणाला. सगळे हसले.

केतकीही हसली, कोणाला संशय यायला नको म्हणून. उजव्या पायाची ती दुमडलेली करंगळी तिने केव्हाच ओळखली होती. तिची स्वतःची तश्शीच होती. आई तर रोज शिवणकामाला जाते असं सांगून निघायची.

लेकीचं हसू कानावर पडताच बरगड्यांआडचं हृदय धडधडू लागलं.

"ठोके का वाढले, केतकी?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर," ती मान खाली घालून म्हणाली.

टेबलावरचा डावा पाय हळूच सरकला आणि त्याने उजवी करंगळी झाकून घेतली.