फोटोतलं कुंकू

चंपत पटकीच्या साथीत गेला. तेरवी झाल्यावर त्याच्या आईनं, गोजराबाईनं, मुलाच्या लग्नातला फोटो भिंतीवरून उतरवला आणि कारंज्याच्या फोटोवाल्याला मळ्यावर बोलावून घेतलं.

“पोराले हात लावू नका. हिच्या कपायावरचं कुंकू आन् गयातली पोत तेवढी खरवडून काढा. येनारे-जानारे पायतात.”

फोटोवाला खाली मान घालून बसला आणि पात्यानं खरवडू लागला. सून पंचफुला उघड्या कपाळानं दारात उभी राहून बघत होती. कागदावरचं कुंकू गेलं. मग पोतीचा एकेक मणी गेला.

“आता बरं दिसते,” गोजराबाई म्हणाली.

“दादा,” पंचफुला फोटोवाल्याला म्हणाली, “त्यायच्या खांद्यावरचा माहा हातबी खरवडा.”

गोजराबाई चवताळली. “नवऱ्याच्या खांद्यावरचा हात काहून काढतं वं?”

“तो म्या ठेवलाच नव्हता. मले त्यायची शिसारी येत होती. दोनदा हात काढून घेतला, तं या दादानंच मनगट धरून परत ठेवला. म्हने, जोडा शोभला पायजे.”

फोटोवाल्याला स्वतःच्याच बोटांची किळस आली. गोजराबाई ओरडत राहिली, पण त्यानं पातं पुसलं आणि तो हात खरवडायला घेतला.